हात तुम्ही मोजलेत, सर

सर, काल तुमच्या शोकसभेत सगळ्यांनी दोन मिनिटं डोळे मिटले. मी उघडे ठेवले. प्राचार्य एका डोळ्याने घड्याळ बघत होते, संस्थेचे अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून जांभई देत होते आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकू तुमच्या फोटोकडे नुसत्या बघत होत्या. त्यांनीही डोळे मिटले नव्हते. फोटो तुमच्या निवृत्तीच्या समारंभातला होता, म्हणजे तुमच्या गळ्यात आधीच एक हार होता. त्यावर यांनी दुसरा घातला.

माझी केतकी तेव्हा कॉलेजच्या फाटकाबाहेर उभी होती. तिला आणि तिच्या तीन सोबत्यांना आवारात पाऊल टाकायला बंदी आहे, शोकसभेलासुद्धा. ही बंदी तुमच्यामुळे आली. तुम्ही जाऊन आज आठ दिवस झाले, पण माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण बोलायला मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा ऐकून घ्या.

सभा संपल्यावर उपप्राचार्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. "मॅडम, सरांवर स्मरणिका काढतोय. तुम्ही त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी. हजारेक शब्द द्या, हृद्य आठवणी वगैरे." मी हो म्हटलं. त्यांना काय मिळणार आहे याची त्यांना कल्पना नसावी.

कॉलेजात बाकीच्या प्राध्यापकांना आडनावं होती, तुम्ही नुसते 'सर'. तुम्ही राज्यशास्त्र शिकवायचात. प्रौढ मताधिकार शिकवताना तुम्ही खडू खाली ठेवायचात, हात रुमालाला पुसायचात आणि सांगायचात की या देशात कारखान्याच्या मालकाला एक मत आणि त्याच्या झाडूवालीला एक मत, याहून मोठी गोष्ट मी तुम्हाला शिकवू शकणार नाही. आम्ही निघोज्याच्या, भोसरीच्या, मोशीच्या पोरी. आमच्या घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा आम्हाला कोणी विचारत नव्हतं. अंगावर काटा यायचा सर, खरंच यायचा.

आणि मग वर्ग प्रतिनिधी निवडायची वेळ आली की तुम्ही म्हणायचात, "डोकी बाकावर. डोळे मिटा. हात वर करा."

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग. मिशा फुटलेली मुलं आणि लग्नाला आलेल्या मुली, सगळे पहिलीतल्या पोरांसारखे बाकावर डोकं टेकवून. चिठ्ठ्या नाहीत, पेटी नाही. कुणी कुणाला हात दिला ते कुणाला दिसणार नाही, म्हणजे गुप्त मतदान झालं, असं तुमचं म्हणणं. दिसायचं फक्त तुम्हाला. तुम्ही मोजायचात, हजेरीवहीच्या मागच्या पानावर आकडे लिहायचात, वही मिटायचात आणि नाव सांगायचात. आकडे कधीच सांगितले नाहीत. हरणाऱ्याला वाईट वाटतं म्हणून, असं कारण होतं. आम्हाला ते फार मोठ्या मनाचं वाटायचं.

त्या वर्षी मुलींच्या प्रतिनिधीसाठी दोन नावं होती. एक माझं आणि एक शैलाचं. शैलाचे वडील लातूरकडून आलेले, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. ती वर्गात सगळ्यांची होती. कुणाच्या वह्या, कुणाचा बसपास, कुणाचं प्राचार्यांकडचं काम, सगळं शैलाकडे. मी म्हणजे पहिल्या बाकावरची, अक्षर चांगलं असलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझं नाव तुम्हीच सुचवलं होतंत. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही.

तुम्ही शैलाचं नाव पुकारलंत आणि मी कोपराच्या फटीतून बघितलं. मोह आवरला नाही. तेवीस हात होते. मग माझं नाव. सोळा. मी दोनदा मोजले. तुम्ही वहीत लिहिलंत, चष्मा सारखा केलात आणि म्हणालात, "मंगल."

टाळ्या वाजल्या. शैलाने सगळ्यात जोरात वाजवल्या. मी उठून उभी राहिले आणि आभार मानले. सर, मी आभार मानले. ते माझं, ते मी तुमच्या माथी मारत नाही.

त्याच्या पंधरा दिवस आधी तुम्ही स्कूटरवरून निघोज्याला आमच्या घरी आला होतात. माझी सोयरीक ठरत होती आणि आबांनी सांगून टाकलं होतं की झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं. तुम्ही ओसरीवर बसून दोन तास आबांशी पिकापाण्याच्या, एमआयडीसीत गेलेल्या जमिनीच्या गप्पा मारल्यात आणि शेवटी माझा विषय काढलात. आबा म्हणाले, "बघू की सर. पण पोरीच्या जातीला लई शिकवून बी उपयोग न्हाई." तुम्ही चहा संपवलात आणि निघालात. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मला वाटलं, सर हरले.

आणि मग मी 'निवडून आले'. ही बातमी निघोज्यात माझ्याआधी पोचली. आबा देवळापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमची मंगल कॉलेजात विलेक्शनला निवडून आली. चाळीस पोरांतनं." सोयरीक करणाऱ्यांचा निरोप आला तेव्हा आबांनी परत पाठवला. "निवडून आलेली पोर हाय. मधनंच काढली तर लोकं काय म्हणत्याल? पाच वर्षं न्हाई तर न्हाई, वर्ष तरी पुरं करू द्या." ते वर्ष पुरं झालं, पुढचं झालं, मग डी.एड. झालं. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. हे सगळं तुम्ही मिटलेल्या वहीतून बाहेर आलं.

शैलाने तिसऱ्या वर्षाला प्रवेशच घेतला नाही. भोसरीत एका कंपनीच्या असेंब्ली लाइनवर लागली. तुम्ही तिला हरवलंत म्हणून तिने कॉलेज सोडलं असं मी म्हणणार नाही, तिच्या घरची कारणं वेगळी होती. पण ती निवडून आली असती तर तिचेही वडील कुणाला तरी सांगत फिरले असते. तिच्या घरी तुम्ही स्कूटर घेऊन गेला नव्हतात.

शिक्षिका झाले तशी निवडणुकीची ड्यूटी मागे लागली. आधी शाई लावणारी, मग केंद्राध्यक्ष. पहाटे पहाटे सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर यंत्र उघडायचं, रिकामं आहे हे दाखवायचं, खोटी मतं टाकून मोजून दाखवायची, पुसायची, सील करायचं, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. कुणी कुणावर विश्वास ठेवू नये, अशा बेताने ही सगळी मांडणी केलेली असते. मला ती फार आवडते. दर वेळी मतदानाच्या सकाळी तुमचा मेसेज यायचा, 'केंद्राध्यक्ष, शाई जपून.' यापुढे तो येणार नाही, हे मला परवा भाजी निवडताना एकदम लक्षात आलं आणि मी तशीच बसून राहिले. रागावलेलं असलं तरी रडू येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीत तुमच्या प्राधिकरणातल्या घरी आले की आपलं भांडण ठरलेलं. तुम्ही म्हणायचात, "मंगल, तुझ्या त्या सह्या आणि सीलं म्हणजे अविश्वासाचा कारभार आहे. माणसामाणसांत काही उरतं की नाही?" मी म्हणायचे, "सर, माणूस चांगला असला तरी पेटी बंदच हवी." तुम्ही हसायचात, काकू चकल्या आणायच्या, विषय निघून जायचा. मी तेवीस आणि सोळा हे आकडे कधीच काढले नाहीत. दर दिवाळीला ओठांवर यायचे आणि चकलीबरोबर गिळले जायचे.

एकदाच तुम्ही कारण सांगितलंत. तुमच्या गावी ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी तुमच्या धाकट्या भावाच्या डोक्यात दगड बसला. एका मताने कुणीतरी हरलं होतं. भाऊ वाचला, पण पुढे जन्मभर धड बोलू शकला नाही. तुम्ही म्हणालात, "एका मताचा फरक जाहीर केला नसता तर तो दगड उचलला गेला नसता." त्या दिवशी तुमची मला दया आली. ती अजून येते, आणि म्हणूनच तुमच्यावर नीट चिडताही येत नाही, याचाही मला राग आहे.

यंदा केतकीच्या कॉलेजात, म्हणजे आपल्याच कॉलेजात, मुलांनी विद्यार्थी परिषदेसाठी खरी निवडणूक मागितली. चिठ्ठी, पेटी, पडदा, एवढीच मागणी. संस्थेला ते झेपणारं नव्हतं. त्यांना अध्यक्ष म्हणून एक मुलगा हवा होता, गोडबोल्या, सगळ्यांच्या पाया पडणारा. मुलांच्या मनात होता निखिल. चाकणला कंपनीत शिफ्ट करून शिकतो, होस्टेलच्या पाण्यासाठी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बादली घेऊन गेला होता. संस्थेने तोडगा काढला, निवृत्त सरांना निरीक्षक म्हणून बोलावू या. तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणणार?

तुम्ही आलात. सगळ्या वर्गांचे एकसष्ट प्रतिनिधी सभागृहात. दारावर मोबाइल काढून घेतले. आणि तुम्ही माइकवरून म्हणालात, "डोकी टेकवा. डोळे मिटा." सव्वीस वर्षांनी, सर. जग कुठल्या कुठे गेलं, निघोज्याच्या शेतांत गाड्यांचे कारखाने उभे राहिले, आणि तुमचं मतदान तिथेच.

केतकीने डोळे मिटले नाहीत. तिने डोकंही टेकवलं नाही, ताठ बसून मोजलं. निखिलला अडतीस. तुम्ही दुसऱ्याचं नाव जाहीर केलंत. ती जागेवरून उठली आणि म्हणाली, "सर, आकडा सांगा." हे मला तिने नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "बाळ, आकड्यांनी माणसं तुटतात."

मुलं नऊ दिवस फाटकाशी बसली. उन्हात, अंगावर वाहनांचा धूर घेत, 'आकडा सांगा' असे फलक धरून. दहाव्या दिवशी चौघांना आवारात बंदी झाली आणि नोटीस आली. ज्येष्ठ गुरुजनांवर खोटा आरोप केल्याबद्दल लेखी माफी मागा, नाही तर परीक्षेला बसू देणार नाही. शेवटची तारीख येत्या शुक्रवारची. खोटा की खरा ते सांगू शकणारा माणूस एकच होता.

म्हणून नोटीस आली त्याच गुरुवारी दुपारी मी तुमच्याकडे आले. तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून बसला होतात, पायावर शाल. चकल्या नव्हत्या, काकू आत झोपल्या होत्या. मी सरळ विचारलं, "सर, निखिलला किती हात होते?"

तुम्ही म्हणालात, "तो आला असता तर महिन्याभरात मोर्चा, मग पोलीस, मग या पोरांची डोकी. मला जे योग्य वाटलं ते मी केलं."

"किती होते?"

"तू कधीपासून माझ्याशी अशी बोलायला लागलीस?"

"केतकीचं वर्ष जाईल, सर. तुम्ही फक्त आकडा सांगा. बाकी काही मागत नाही."

तेव्हा तुम्ही चष्मा काढलात. तुमचे डोळे चष्म्याशिवाय मी पहिल्यांदाच पाहिले, फार लहान होते. तुम्ही म्हणालात, "तुझ्या वेळी मी आकडा सांगितला असता तर तू आज कुठे असतीस मंगल? एखाद्या घरात भाकऱ्या थापत. केतकी तरी असती का?" आणि मग हळूच, जसं काही लाडाने, "तू बघत होतीस. कोपराखालून. मला दिसलं होतं."

सव्वीस वर्षं मला वाटत होतं की ते माझं गुपित आहे. ते आपल्या दोघांचं होतं. मी बघितलं हे तुम्ही बघितलंत, आणि तरीही माझं नाव घेतलंत, कारण ही पोरगी बोलणार नाही याची तुम्हाला खात्री होती. मला तुमच्याबद्दल आदर होता त्याचा तुम्ही हिशेब केला होतात. हे मी तुम्हाला माफ करू शकत नाही. माझं शिक्षण वाचवलंत याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि हेही विसरणार नाही. दोन्ही राहू देत.

मी उठले तेव्हा तुम्ही म्हणालात, "सोमवारी त्यांच्या चौकशी समितीपुढे येतो. काय बोलायचं ते बघतो." रविवारी पहाटे काकूंचा फोन आला.

काय बोलणार होतात, सर? मी त्यावर खूप विचार केला. कधी वाटतं तुम्ही अडतीस म्हणाला असतात, कधी वाटतं तुम्ही पुन्हा वही मिटली असतीत. काकूंना मी ती वही विचारली. त्या म्हणाल्या, "त्यांनी शनिवारी बरेच कागद रद्दीत घातले." त्यांना काही माहीत नाही, त्यांना मी आणखी विचारलं नाही.

आता समिती म्हणते, दिवंगत सरांच्या स्मृतीचा अवमान झाला आहे, माफी अधिक नम्र हवी. तुमच्या मरणाने तुमचा खोटा आकडा पक्का केला. केतकीचे वडील पहिल्या पाळीवरून आले की तिला समजावतात, "एक कागद तर लिहायचाय, लिही आणि मोकळी हो." ती एकच सांगते, "मी मोजलंय."

मंगळवारी मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. तेवीस आणि सोळा. तिने मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "शैला मावशी आता कुठे असतात?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. शैला पंधरा किलोमीटरवर होती. भोसरीतच, तिच्या वडिलांच्या चाळीच्या मागच्या इमारतीत. मी काल शोकसभेवरून तडक तिच्याकडे गेले. ती नुकतीच कंपनीतून आली होती, केस बांधत होती. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. मी दारातच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा गिळलं असतं. तू जिंकली होतीस शैला. मी पाहिलं होतं. तेवीस होते.

ती हसली. "मला म्हाईत होतं की गं. मी बी बघालते."

"तू पण?"

"सगळेच बघालते. चाळीस पोरं डोकं खाली घालून काय झोपली होती व्हय? बाहेर आल्यावर सगळ्यांनी मला सांगितलं, शैला तुला जास्ती होते."

"मग कुणी बोललं का नाही?"

तिने केसांची गाठ आवळली. "सर चांगले होते गं. वाईट असते तर भांडले असते. चांगल्या माणसापुढं कसं तोंड उघडावं?" मग म्हणाली, "पोरीचं वर्ष जायलंय म्हणतीस ना? कागद काढ. काय लिहायचं ते तू लिही, तुझं अक्षर चांगलं हाय."

आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लिहिलं. आमच्या वर्गात काय झालं, कोणी काय पाहिलं, आम्ही गप्प का बसलो. 'सर खोटे होते' असं शैला लिहू देईना. 'सरांनी चुकीचं मोजलं' असं लिहिलं. केतकीच्या सभागृहात आम्ही दोघी नव्हतो, त्यामुळे अडतीसाबद्दल आम्हाला काहीच सिद्ध करता येणार नाही, हेही लिहिलं. समिती हा कागद बाजूला ठेवेल असं मला बरंचसं वाटतं. ठेवू दे. शुक्रवारी मी आणि शैला केतकीबरोबर फाटकाशी उभ्या राहणार आहोत, आणि स्मरणिकेसाठी मी हाच लेख देणार आहे. छापला नाही तर फाटकावर लावीन.

खाली दोन सह्या झाल्या आहेत, सर. तुमच्या सहीची जागा आम्ही सोडली होती. मग शैला म्हणाली, ती जागा रिकामी बरी दिसत नाही, आणि तिने तिथे तिच्या हाताने तारीख घातली.